रूपांतरित खडकांतील तापमान-दाबाची नोंद

जमिनीखाली खोल गाडला गेलेला खडक किती तापला आणि किती दाबाखाली होता, हे त्याच्या खनिजांवरून काढता येते. उष्णता आणि दाबामुळे होणाऱ्या या बदलात, म्हणजे रूपांतरणात, खडक बहुतांशी घनच राहतो; जुनी खनिजे मोडतात आणि तिथल्या परिस्थितीत टिकणारी नवी तयार होतात.

मग खडक वर येऊन थंड होताना हीच खनिजे उलट का बदलत नाहीत? साऱ्या अभ्यासाचा पाया या प्रश्नाच्या उत्तरात आहे. तापताना खडकातले पाणी निघून जाते आणि पाण्यावाचून खनिजांमधल्या विक्रिया फार मंदावतात. म्हणून खोलवरची खनिजे पुष्कळदा तशीच पृष्ठभागावर पोचतात.

भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या हायलँड्समधील, मूळच्या चिखलापासून झालेल्या खडकांत उष्णतेनुसार खनिजे बदलत जातात हे दाखवले. नंतर भर पडून क्लोराइट, कृष्णाभ्रक, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट असा खनिजांचा, वाढत्या उष्णतेप्रमाणे चढता क्रम ठरला. यातील शेवटची दोन आणि अँडलुसाइट यांचे रासायनिक घटक अगदी एक, रचना मात्र वेगळी. कमी दाबाला अँडलुसाइट, जास्त दाबाला कायनाइट, जास्त उष्णतेला सिलिमनाइट. सुमारे ५०० अंश सेल्सिअस आणि ४ किलोबार (एक किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट), म्हणजे साधारण १५ किमी खोलीवर, तिन्ही एकत्र नांदू शकतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टखाली असला तरी भंडारा जिल्ह्यातील प्राचीन खडकांत कायनाइट आणि सिलिमनाइट दोन्हींचे साठे आहेत.

सर्वांत बोलके खनिज गार्नेट. ते कांद्यासारखे थराथराने वाढते. गाभ्यात मँगनीज जास्त असते, कारण वाढ सुरू होताच गार्नेट ते आसपासच्या खडकातून ओढून घेते; तापमान चढते तसे कडेकडे मॅग्नेशियम वाढते. गार्नेट आणि कृष्णाभ्रक यांच्यात लोह-मॅग्नेशियमची वाटणी कशी झाली यावरून तापमान, तर गार्नेट आणि प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजामधल्या कॅल्शियमच्या वाटणीवरून दाब मोजतात. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून अगदी बारीक जागेचे घटक मोजणाऱ्या यंत्राने, कणाच्या गाभ्यापासून कडेपर्यंत ठिकठिकाणी रसायन तपासतात. उत्तरात ५० अंशांचा फरक सहज पडतो, हे विसरून चालत नाही. शिवाय खडक ७०० अंशांच्या वर बराच काळ राहिला तर अणू सरकून थर पुसट होतात. आधीचा इतिहास मग गार्नेटने वाढताना पोटात घेतलेल्या बारीक कणांतच शोधावा लागतो.

या कणांचे मोल लडाखमधील त्सो मोरिरी भागात कळते. तिथल्या एक्लोजाइट या जास्त दाबाखाली बनलेल्या खडकाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी केलेल्या पातळ कापात गार्नेटच्या आत कोएसाइटचा कण दिसतो: मधे कोएसाइट, भोवती क्वार्ट्झची कडा आणि तिथून गार्नेटमध्ये चहूकडे गेलेल्या चिरा. क्वार्ट्झ हे सिलिकाचे (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाचे) नेहमीचे रूप, तर कोएसाइट हे जास्त दाबाखालचे रूप. रसायनशास्त्रज्ञ लोरिंग कोएस यांनी ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवले आणि १९८४ मध्ये ते आल्प्सच्या रूपांतरित खडकांत सापडले. ते क्वार्ट्झमध्ये बदलताना सुमारे १० टक्के फुगते; चिरा त्यानेच पडतात. घट्ट गार्नेटने दाब धरून ठेवला म्हणून मधला भाग वाचला. कोएसाइट तयार व्हायला सुमारे २७ किलोबार दाब लागतो. भारतीय खंडाची कड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाखाली जवळजवळ ९० किमी खोल जाऊन पुन्हा वर आली, याचा थेट पुरावा केसाएवढ्या जाडीच्या या कणात आहे.