मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल

जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीने १९५४ ते १९६३ या काळात बनवलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार. १९५७ पर्यंत ती बंद टपाची कूपे होती, त्यानंतर उघड्या टपाची रोडस्टर.

या मोटारीचा उगम शर्यतीच्या मैदानात झाला. रुडोल्फ उलेनहाउट यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या याच नावाच्या मोटारींनी १९५२ मध्ये फ्रान्समधील ल मांची २४ तासांची शर्यत आणि मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकाना जिंकली. ती ग्राहकांसाठीही बनवावी, हा आग्रह न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनी धरला. म्हणून फेब्रुवारी १९५४ मध्ये तिचे अनावरणही न्यूयॉर्कच्याच प्रदर्शनात झाले.

कूपेची पंखांसारखी वर उघडणारी दारे निव्वळ दिखाव्यासाठी असल्याचा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. वजन वाचवण्यासाठी पातळ पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून हलका सांगाडा केला होता, आणि त्याला मजबुती यावी म्हणून तो दोन्ही बाजूंनी इतका उंच घ्यावा लागला, की नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. त्यामुळे दारांच्या बिजागऱ्या टपावर गेल्या. उंच कडा ओलांडून आत बसणे सोपे जावे, म्हणून स्टिअरिंगचे चाक खाली कलते ठेवण्याची सोय होती.

बॉनेट बुटके राहावे म्हणून तीन लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन डावीकडे ५० अंशांत कलवले होते. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारी बॉशची यंत्रणा फोर-स्ट्रोक इंजिनावर बसवलेली ही पहिली उत्पादित मोटार. त्यामुळे २१५ अश्वशक्ती मिळून ती कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या आपल्या शर्यतीच्या पूर्वजापेक्षाही बलवान ठरली. मात्र इग्निशन बंद केल्यावरही इंजिन पुरते थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राही आणि ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन खालच्या ऑइलमध्ये मिसळे. साहजिकच, ऑइल वारंवार बदलावे लागे.

१९५७ मध्ये जिनिव्हा येथे आलेल्या रोडस्टरसाठी सांगाड्याच्या बाजू उतरवून साधी दारे बसवण्यात आली. कूपेचा मागचा भाग वेगात वळताना अचानक घसरत असे. रोडस्टरचा मागील आस एकाच, खालच्या सांध्यावर फिरत असल्याने हा दोष बराच कमी झाला. १९६१ मध्ये तिला डिस्क ब्रेकही मिळाले. चालवण्याच्या दृष्टीने रोडस्टरच सरस, तरी संग्राहकांचा ओढा कूपेकडे अधिक राहिला आहे.

एकूण १,४०० कूपे बनल्या, त्यांपैकी २९ ॲल्युमिनियमच्या बांधणीच्या होत्या. रोडस्टरची संख्या १,८५८ होती. १९६३ मध्ये २३० एसएलने तिची जागा घेतली.