घरी परतलेला फौजी महिनाभरात आपोआप सावरतो?

"घरचं जेवण, मुलंबाळं मिळाली की फौजी युद्ध विसरतो, न विसरणारा मनाचा कच्चा," असा मेसेज ग्वाल्हेरच्या आपल्या घरांत वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नसतं. धोक्यात सतत सावध राहिलेलं शरीर सुरक्षित जागीही तसंच वागू शकतं. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात वरातीचा सुतळी बॉम्ब फुटताच फौजेतून परतलेले काका ताट सोडून भिंतीला टेकतात, ते काही ठरवून नव्हे. १९८० पासून या त्रासाची 'पीटीएसडी' (आघातानंतरचा मानसिक ताण) या नावाने आजार म्हणून नोंद आहे. लक्षणं कधी सहा महिन्यांनंतरही दिसू लागतात. घरच्यांनी एवढंच पाहावं: वाईट स्वप्नं, दचकणं, माणसं टाळणं महिन्याहून जास्त टिकलंय का? टिकलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. समुपदेशन आणि औषधं, दोन्हींचा उपयोग होतो. दारूने मात्र झोप आणखी बिघडते.