दक्षिण ट्रॅप : उद्रेकांचा काळ

बेसाल्टी (काळ्या, बारीक कणांच्या खडकाच्या) लाव्हाचे थरावर थर साचून बनलेला, सुमारे ५ लाख चौ. किमी. विस्ताराचा प्रदेश. महाराष्ट्राचा बहुतेक भाग यावरच वसला आहे. ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडले. पश्चिम घाटातील थरांचे खालून वर कळसूबाई, लोणावळा व वाई असे उपगट मानतात.

खडकातील पोटॅशियमपासून कालांतराने बनणारा आर्गॉन वायू मोजण्याच्या, म्हणजे पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने काढलेली सुरुवातीची वये कोट्यवधी वर्षांच्या फरकाने विखुरलेली होती. कुजलेल्या खडकातून आर्गॉन निसटतो व वय कमी भरते, हे त्याचे एक मुख्य कारण. १९८६ मध्ये फ्रेंच भूभौतिकीविज्ञ कूर्तियो व सहकाऱ्यांनी खडकांतील चुंबकत्वावरून दाखवले की, बहुतेक जाडी एकाच उलट ध्रुवतेच्या (पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट असतानाच्या), काही लाख वर्षांच्या कालखंडात बसते. हा निष्कर्ष आजही टिकून आहे.

आर्गॉन-आर्गॉन या सुधारित पद्धतीत ताज्या खडकातून प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्वच्छ कण वेचून, आम्लाने धुऊन अणुभट्टीत किरणित करतात आणि टप्प्याटप्प्याने तापवतात. पोकळ्यांत झिओलाइट (नंतर साचलेली खनिजे) भरलेला नमुना टाळावा लागतो. प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम अत्यल्प असल्याने त्रुटीची मर्यादा रुंदावते. शिवाय वय प्रमाण-खनिजाशी (वय आधीच ठरवलेल्या खनिजाशी) ताडून काढतात. त्या खनिजाचे वय २.८०२ कोटींऐवजी २.८२०१ कोटी वर्षे धरले, तर ६.६ कोटींचा आकडा सुमारे ४ लाख वर्षांनी सरकतो. म्हणून जुन्या-नव्या शोधनिबंधांतील वये थेट शेजारी मांडू नयेत.

घाटाच्या कापात दोन काळ्या प्रवाहांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो ‘लाल बोल’. त्यातील झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांवर युरेनियम-शिसे पद्धत (युरेनियमपासून बनलेले शिसे मोजण्याची) चालते व आकडा अधिक काटेकोर येतो. मात्र हे स्फटिक लाव्हातले नव्हेत. ते राखेबरोबर आले असे मानतात. जुना स्फटिक मिसळला तर वय वाढते, शिसे निसटले तर घटते.

२०१९ मध्ये दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. झिरकॉनवरून उद्रेकांचे चार जोरदार टप्पे दिसले व पोलादपूर थर (वाई उपगटातील सर्वांत खालचे) क्रिटेशसअखेरच्या, डायनोसॉर नष्ट झाले त्या जीवनाशाच्या आधीचे ठरले. आर्गॉनवरून उद्रेक बरेचसे सलग दिसले आणि जीवनाशाची सीमा बुशे (लोणावळा उपगटातील सर्वांत वरचे) व पोलादपूर थरांच्या संधीजवळ आली. मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांच्या अलीकडे-पलीकडे, सुमारे दहा लाख वर्षांत आटोपले, यावर दोन्ही गट सहमत आहेत. चार टप्प्यांची मांडणी बोलांतील मोजक्या स्फटिकांवर उभी असल्याने ती तूर्त सावधपणे घ्यावी.

माळवा, मंडला व सौराष्ट्र येथील कालनिर्णय घाटाच्या मानाने थोडे आहेत. मुंबईजवळच्या मनोरी येथील ट्रॅकाइट हा फिकट ज्वालामुखी खडक मुख्य उद्रेकांनंतरचा, सुमारे ६ ते ६.३ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.