ट्वीटर कानावर रोखला की स्टेज जमतं?

"दोन्ही ट्वीटर थेट ड्रायव्हरच्या कानावर रोखा, स्टेज आपोआप जमेल." गाडीत साउंड बसवताना हा सल्ला हमखास मिळतो. (ट्वीटर म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर; स्टेज म्हणजे गायक-वाद्यं समोर आपापल्या जागी उभी असल्याचा भास.) तो अपुरा आहे, बऱ्याचदा उलटाच.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. उजवा ट्वीटर कानापासून समजा ८० सेंटिमीटरवर, डावा १३० वर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे डावा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. फरक नगण्य वाटेल, पण आवाजाची दिशा मेंदू आधी पोचलेल्या लाटेवरून ठरवतो. म्हणून गायक डॅशबोर्डच्या मध्यावर उभा न राहता पुढच्या काचेच्या उजव्या खांबाला चिकटतो. त्यात जवळचा ट्वीटर कानावर रोखला की दुखणं वाढतंच.

कोन फिरवून उशीर भरून निघत नाही. त्यासाठी डीएसपीमध्ये, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात, उजव्या स्पीकरला तेवढाच डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, द्यावा लागतो (तो एकाच सीटला लागू पडतो, शेजारचा कुरकुरणारच). कोनाचा खरा परिणाम वरच्या स्वरांत, कारण ट्वीटरचा २५ मिलिमीटरचा डोम, म्हणजे घुमटाकार पडदा, साधारण १० किलोहर्ट्झच्या वर आवाज अरुंद झोतात फेकू लागतो. तेव्हा सुरुवातीला दोन्ही ट्वीटर पुढच्या सीटांच्या मधल्या जागेकडे वळवा. जवळचा अधिक तिरका पडतो, थोडा दबतो. मात्र खांबात एअरबॅग असेल तर तिथे ड्रिल लावू नका.