कोकणातले कोई तळे आणि पावसाच्या पाण्याचा हिशेब

कोई मासे मूळचे जपानच्या निइगाता प्रांतातले. तिथल्या डोंगराळ, बर्फाळ खेड्यांत भातशेती करणाऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्प माशांत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगीत पिल्ले दिसू लागली. ती निवडून वाढवता वाढवता आजचे प्रकार तयार झाले, आणि 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेल्यावर त्यांची ख्याती सर्वदूर पोहोचली. त्यांच्या संगोपनाचे बहुतेक मार्गदर्शन थंड प्रदेशांतल्या लोकांनी लिहिलेले असल्यामुळे त्यात गोठणाऱ्या पाण्याची आणि हिवाळ्यात मंदावणाऱ्या माशांची काळजी भरपूर असते. कोकणात ही काळजी लागू पडत नाही. इथे तळ्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते, आणि ती ज्या कारणाने होते ते कारण डोळ्यांना दिसत नाही, कारण त्या काळात पाणी बहुधा नितळच असते.

कारण समजून घ्यायचे तर आधी तळ्यात पाणी नेमके किती आहे ते माहीत हवे. अंगणातले एक तळे उदाहरणादाखल घेऊ: वरून पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, मध्यभागी दीड मीटर खोल. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार केला तर 30 घनमीटर, म्हणजे 30,000 लिटर असे उत्तर येते. पण चिऱ्यांच्या बांधकामात काठ उतरते ठेवलेले असतात, एखाद्या बाजूला कमळाच्या कुंडीसाठी पायरी असते, कोपरे गोलाकार असतात. त्यामुळे सरासरी खोली दीड मीटर नसून एक मीटरच्या आसपास भरते आणि प्रत्यक्ष पाणी 20,000 लिटरच निघते. हा फरक क्षुल्लक नाही. परजीवींसाठी लिटरला 2 मिलिग्रॅम पोटॅशियम परमँगनेट द्यायचे ठरले, तर 30,000 लिटर समजून मोजलेले 60 ग्रॅम औषध 20,000 लिटरमध्ये लिटरला 3 मिलिग्रॅम होते, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या दीडपट, आणि हे औषध कल्ल्यांच्या नाजूक पेशींनाही जाळते.

वेड्यावाकड्या आकाराच्या तळ्याचे पाणी मोजण्याची सर्वांत भरवशाची रीत मिठाची आहे. मिठागराचे जाडे मीठ, ज्यात काही मिसळलेले नाही असे, वजन करून घ्यावे. तळ्यातल्या पाण्याची क्षारता मीटरने मोजावी. मीठ बादलीत विरघळवून पंप चालू असताना हळूहळू सोडावे, आणि एक दिवसाने पुन्हा मोजावे. टाकलेल्या मिठाचे किलो भागिले लिटरमागे वाढलेले ग्रॅम, हे उत्तर थेट घनमीटरमध्ये मिळते. आपल्या तळ्यात 20 किलो मीठ टाकल्यावर क्षारता लिटरला 1 ग्रॅमने वाढली, तर पाणी 20 घनमीटर आहे. फिल्टर, नळ्या आणि साठवण टाकी यांतले पाणीही या मोजमापात आपोआप येते, जे फीत धरून मोजताना हमखास सुटते. एवढ्या मिठाने माशांना अपाय होत नाही. पाणवनस्पतींना मात्र ते मानवत नाही, म्हणून कुंड्या आधी काढाव्यात; आणि फिल्टरमध्ये झिओलाइट हे अमोनिया शोषणारे खनिज असेल तर तेही काढावे, कारण मिठाच्या पाण्यात ते धरून ठेवलेला अमोनिया सोडून देते. हे काम उन्हाळ्यातच उरकावे, कारण पाऊस सुरू झाला की मोजणीत दर तासाला नवे पाणी मिसळत राहते.

आता पावसाकडे वळू. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात एका पावसाळ्यात साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या तळ्याचा पृष्ठभाग 20 चौरस मीटर आहे. त्यावर 3,000 मिलिमीटर म्हणजे 60,000 लिटर पाणी थेट आकाशातून पडते. तळ्यात मावते त्याच्या तिप्पट! जुलैत 100 मिलिमीटरचा दिवस कोकणाला नवलाचा नसतो, आणि तसा एक दिवस म्हणजे 2,000 लिटर, तळ्याच्या एक दशांश. पडलेले पाणी तळ्यात मिसळत जाते आणि तेवढेच पाणी सांडव्यातून बाहेर जाते. अशा प्रत्येक वेळी थोडे जुने पाणी निघून जात राहिले, तर हंगाम संपताना मे महिन्यातल्या पाण्याचा जेमतेम 5 टक्के अंश तळ्यात उरतो. पागोळ्या आणि अंगणातले वाहते पाणी तळ्यात येत असेल तर तेवढाही नाही.

पावसाचे पाणी स्वच्छ असते, मग बिघडते काय? बिघडते ते असे की त्या पाण्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात, आणि तळ्यातले बायकार्बोनेट त्याच्यासोबत वाहून जातात. पाण्यातल्या या बायकार्बोनेटांच्या साठ्याला अल्कता म्हणतात. मासे पाळणारे तिला सरसकट केएच म्हणतात. तळ्यात तयार होणारे आम्ल हा साठा झेलतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, जागेवर ठेवतो. लिटरला 80 ते 120 मिलिग्रॅम अल्कता असलेल्या तळ्यात काळजीचे कारण नसते. 40 च्या खाली गेली की सावध व्हावे. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मुळातच मृदू असल्यामुळे कोकणातली अनेक तळी पावसाळ्याच्या आधीच या साठ्यात तोकडी असतात.

दुसरीकडे हा साठा आतूनही खर्च होत असतो, आणि हा खर्च थांबवता येत नाही. मासे खाद्यातल्या प्रथिनांतला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात टाकतात. फिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे करताना त्यांना प्राणवायू लागतो आणि अल्कताही लागते: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 4.6 ग्रॅम प्राणवायू आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे 7 ग्रॅम अल्कता. चाळीस टक्के प्रथिनांचे 100 ग्रॅम खाद्य रोज घातले, तर त्यातून साधारण 3.7 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो आणि त्याच्यापायी रोज 26 ग्रॅम अल्कता संपते. 20,000 लिटरच्या तळ्यात हा खर्च लिटरला रोज 1.3 मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला 40 मिलिग्रॅमच्या आसपास होतो. वरून पाऊस विरळ करतो आणि आतून फिल्टर खातो. दोन्ही मिळून जुलै संपेपर्यंत साठा रिकामा होऊ शकतो.

साठा संपला की सामू एका रात्रीत दीड-दोन अंकांनी खाली येऊ शकतो. तो 6 च्या जवळ आला की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साचू लागतो. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: विषारी मुक्त अमोनिया आणि त्यामानाने निरुपद्रवी अमोनियम. 30 अंश सेल्सिअसच्या पाण्यात सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो; सामू 8 झाला की तो सुमारे साडेसात टक्के होतो, आणि 9 झाला तर 45 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे आम्लधर्मी झालेल्या तळ्यात पुष्कळ अमोनिया साचलेला असूनही मासे तग धरून असतात. अशा वेळी घाबरून कोणी भरपूर सोडा ओतला, तर सामू झपाट्याने वर जातो, साचलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो, आणि मासे मरतात ते उपायामुळे. म्हणून सामू घसरलेला दिसला तर पहिल्यांदा अमोनिया मोजावा, खाद्य पूर्ण बंद करावे, थोडे थोडे पाणी बदलून अमोनिया कमी करावा, आणि मगच अल्कता दिवसाला थोडी थोडी वाढवावी.

वाढवण्याचे साधन स्वयंपाकघरातलाच खाण्याचा सोडा आहे. आपल्या तळ्याची अल्कता लिटरला 50 मिलिग्रॅमने वाढवायची तर सुमारे 1.7 किलो सोडा लागतो, आणि तो चार-पाच दिवसांत वाटून, पाण्यात विरघळवून द्यावा. मोजमाप आधी झालेले असेल तरच हा आकडा खरा ठरतो. मला स्वतःला सोड्याइतकाच विश्वास शिंपल्यांचा वाटतो, आणि त्यांची कोकणात कमतरता नाही. कालवांची किंवा तिसऱ्यांची रिकामी शिंपले उकळून, मांस आणि मीठ पूर्ण काढून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या वाहत्या पाण्यात ठेवली, तर सामू खाली येऊ लागताच त्यांतले कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळते, आणि पाणी पुरेसे अल्कधर्मी झाले की विरघळणे आपसूक मंदावते. त्यांचा वेग कमी असल्यामुळे ती पावसाळ्याच्या आधीपासून लावलेली हवीत. याच शिंपल्यांचा भाजलेला चुना मात्र तळ्यात कधीही टाकू नये. तो सामू थेट 11 च्या पुढे नेऊ शकतो. नव्या सिमेंटच्या तळ्यातही हाच धोका असतो, म्हणून ते भरून, उपसून, पुन्हा भरून सामू स्थिर झाल्यावरच मासे सोडावेत.

पाऊस तळ्यात येऊच न देणे हा उपाय सर्वांत सोपा असूनही सर्वांत कमी केला जातो. काठ अंगणापेक्षा एक चिरा उंच ठेवला, पन्हळीचे पाणी दुसरीकडे वळवले आणि तळ्यावर पारदर्शक पत्र्याचा मांडव घातला, तर वरचा सगळा हिशेब बराच हलका होतो.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. पाणी रोज 5 मिलिमीटर उतरले तरी आपल्या तळ्यातून 100 लिटर उडून जातात आणि क्षार मागेच राहतात. म्हणून उतरलेले पाणी भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. नायट्रेट कमी करायचा तर आठवड्याला सुमारे दहा टक्के पाणी तळातून काढून टाकूनच नवे भरावे लागते. हे नवे पाणी कुठले, हे एप्रिल-मेमध्ये दर वेळी पाहावे. खाडीकाठच्या विहिरी या दिवसांत मचूळ होतात. टँकरच्या आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. पावसाच्या तोंडावर ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन सोडणारी जंतुनाशक भुकटी, टाकते, तेव्हा विहिरीचे पाणीही बिनधोक राहत नाही. क्लोरीन कल्ले जाळते आणि फिल्टरमधले जिवाणू मारते, म्हणून पाणी वेगळ्या टाकीत हवा सोडून किमान एक दिवस ठेवावे आणि चाचणी करूनच घ्यावे. खोल विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, त्यालाही हीच रीत लागू पडते.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. त्यातून मासे, शेवाळ आणि फिल्टरचे जिवाणू रात्रभर घेत राहिल्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो, आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते त्याच वेळी. पूर्ण वाढलेल्या एका माशामागे किमान 1,000 लिटर हा सर्वमान्य ठोकताळा आहे. कोकणच्या उष्णतेत त्याहून कमीच मासे ठेवणे मला योग्य वाटते. वादळी पावसात वीज गेली की पंप आणि फिल्टर दोन्ही थांबतात. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आदळले, तेव्हा रायगडातल्या अनेक गावांत वीज कित्येक दिवस नव्हती. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मे महिन्यातच तपासून ठेवावा. वीज काही तासांहून अधिक काळ गेलेली असेल, तर ती परत आल्यावर फिल्टरमधले साचलेले, प्राणवायू संपलेले पाणी आधी बाहेर सोडून द्यावे, मग पंप जोडावा, आणि पुढचे काही दिवस खाद्य न घालता अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजावेत.