क्विक हिच, लहान ट्रॅक्टरची

ट्रॅक्टर आणि त्यामागचे अवजार यांच्यामध्ये बसणारा, अवजार हाताने न सरकवता जोडता-सोडता येईल असा दुवा. नेहमीच्या रीतीत चालक ट्रॅक्टर मागे घेतो, खाली उतरतो, दोन्ही लोअर लिंकचे (ट्रॅक्टरमागच्या खालच्या दांड्यांचे) भोक असलेले बॉल अवजाराच्या पिनांवर चढवतो, ते निसटू नयेत म्हणून लिंच पिना लावतो आणि शेवटी टॉप लिंक (वरचा दांडा) फिरवून लांब-आखूड करत वरची पिन घालतो. क्विक हिच असली तर यातले बरेचसे काम आसनावरून उरकते. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 11001 मध्ये तिचे चार प्रकार आहेत : यू-चौकट, ए-चौकट, लिंक कपलर आणि बार कपलर. या नोंदीत साधारण 15 ते 30 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी, विशेषतः नागपूर जिल्ह्यात, तिची निवड कशी करावी एवढाच विचार केला आहे.

इतिहास : क्विक हिचची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकवाक्यता नाही. एका मतानुसार तिचे मूळ हॅरी फर्ग्युसन (1884–1960) यांच्या कामात आहे. आयर्लंडच्या डाउन परगण्यातील या अभियंत्याने 1917 च्या सुमारास ओढत नेण्याच्या नांगराऐवजी ट्रॅक्टरलाच टांगलेला नांगर तयार करण्यास घेतला. त्यामागे भार-संक्रमणाचा हेतू होता. नांगराचा ओढा मागच्या चाकांवर वजन म्हणून यावा आणि फाळ दगडाला अडकला असता ट्रॅक्टरचे नाक वर उचलून तो उलटू नये, असे त्यांना हवे होते. अवजाराची खोली हायड्रॉलिकने आपोआप राखण्याच्या कल्पनेसाठी त्यांनी 1925 मध्ये ब्रिटिश पेटंटचा अर्ज केला. आरंभीच्या रचनेत वर दोन आणि खाली एक अशा कड्या होत्या. खाली दोन व वर एक ही आजच्या तीनबिंदू जोडणीची मांडणी 1920 च्या दशकाच्या अखेरीस आली असावी. हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने 1936 मध्ये आलेला ट्रॅक्टर, हेन्री फोर्ड यांच्याशी 1938 मध्ये झालेला तोंडी करार आणि 1939 चा फोर्ड 9एन या टप्प्यांनी ही जोडणी रूढ झाली. तोंडी करार पुढे मोडला. त्यावरून चाललेला दावा 1952 मध्ये 92.5 लाख डॉलरवर मिटला. अवजार झटपट जोडता येते, हा फर्ग्युसन यांच्या प्रात्यक्षिकांचा ठरलेला भाग असे. त्यामुळे हे मत निराधार म्हणता येत नाही.

दुसरे मत अमेरिकेतील 1950 च्या दशकाकडे बोट दाखवते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या फास्ट हिचमध्ये अवजाराचे दोन दांडे ट्रॅक्टरच्या दोन खोबणींत शिरत आणि ट्रॅक्टर मागे घेताच खटका बसे. ॲलिस-चाल्मर्सच्या स्नॅप-कपलरमध्ये ट्रॅक्टरच्या पोटाखाली घंटेच्या आकाराचे एकच तोंड असे व अवजाराची जीभ त्यात जाऊन अडके. दोन्ही रचना जलद होत्या, पण त्या-त्या कंपनीच्या अवजारांपुरत्याच चालत. तीनबिंदू जोडणी सर्वत्र झाल्यावर त्या मागे पडल्या. तिसरा पक्ष क्विक हिच हे नाव केवळ तीनबिंदू जोडणीवर बसणाऱ्या, कोणत्याही कंपनीचे अवजार घेणाऱ्या दुव्यालाच देतो. आयएसओची वर्गवारी याच अर्थाने केलेली असल्याने येथे तोच अर्थ घेतला आहे. त्या हिशोबाने फर्ग्युसन यांनी पाया घातला आणि फास्ट हिच ही एक बाजूला राहिलेली शाखा ठरते.

नागपूरच्या संदर्भात या शाखेचा एक धागा सांगण्याजोगा आहे. महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्यासह इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही संस्था काढली. महिंद्राचा एक ट्रॅक्टर कारखाना हिंगणा एमआयडीसीत आहे. फास्ट हिच बनवणाऱ्या घराण्याकडून तंत्र आले, पण येथे रुजली ती तीनबिंदू जोडणीच.

प्रकार : यू-चौकट ही उलट्या यू आकाराची पोलादी चौकट ट्रॅक्टरच्या तिन्ही कड्यांना कायमची बसवतात. तिला वर एक आणि खाली दोन आकडे असतात. आकडे अवजाराच्या पिनांखाली नेऊन लिफ्ट (ट्रॅक्टरची हायड्रॉलिक उचल) वर घेतली की खालचे खटके बसतात. ए-चौकटीत दोन त्रिकोण असतात, एक ट्रॅक्टरला आणि एक अवजाराला. एक दुसऱ्याच्या आत सरकून वरच्या टोकाशी अडकतो. युरोपात, विशेषतः जर्मनीत, ही पद्धत हलक्या अवजारांसाठी वापरात आहे. लिंक कपलरमध्ये लोअर लिंकच्या टोकाला उघड्या तोंडाचे आकडे असतात. अवजाराच्या पिनांवर बॉल आधी चढवून ठेवतात आणि टॉप लिंक हाताने किंवा वेगळ्या आकड्याने लावतात. बार कपलरमध्ये खालचे दोन बिंदू एका आडव्या दांड्यावर घेतात.

मापांचा मेळ : निवडीतला खरा पेच येथे आहे आणि विक्रेते तो सहसा सांगत नाहीत. तीनबिंदू जोडणीच्या मापांसाठी आयएसओ 730 व भारतीय मानक आयएस 4468 आहेत; त्यांत मापांच्या श्रेणी ठरवल्या आहेत. श्रेणी 1 मध्ये वरची पिन 19 मिमी, खालच्या पिना 22 मिमी आणि खालच्या दोन बिंदूंमधले अंतर 683 मिमी असते. श्रेणी 2 मध्ये हेच आकडे 25.5, 28.7 आणि 825 मिमी होतात. 2एन श्रेणीत पिना श्रेणी 2 च्या, पण अंतर 683 मिमी असते. 1एन मध्ये पिना श्रेणी 1 च्या आणि अंतर फक्त 400 मिमी असते. सर्वांत लहान ट्रॅक्टर घेताना हे शेवटचे माप तपासावे. त्यावर 683 मिमीची चौकट बसत नाही.

यानंतरचे माप मास्टच्या (अवजाराच्या पुढच्या उभ्या खांबाच्या) उंचीचे, म्हणजे खालच्या पिनांपासून वरच्या पिनेपर्यंतच्या अंतराचे. आयएसओ 730 प्रमाणे श्रेणी 1 साठी ती 460 मिमी आहे. अमेरिकी पद्धतीच्या यू-चौकटी मात्र साधारण 15 इंच, म्हणजे 381 मिमी, धरून बनतात, आणि श्रेणी 1 साठीही त्यांच्या खालच्या आकड्यांना 1 7/16 इंच, म्हणजे सुमारे 36.5 मिमी, बाह्य व्यासाची बुशिंग (जाडी वाढवणारी नळी) पिनेवर चढवावी लागते. त्यामुळे मानकाप्रमाणे अचूक बनलेले अवजारही या चौकटीत वरच्या बाजूला बसेलच असे नाही. मास्टला खाली दुसरे भोक पाडावे लागते किंवा वरचा आकडा सरकवता येणारी चौकट घ्यावी लागते. आकडा खालून शिरण्यासाठी वरच्या पिनेभोवती मोकळी जागाही हवी. गावच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या कल्टिव्हेटरच्या मास्टच्या दोन पट्ट्या अनेकदा इतक्या जवळ असतात की आकडा मध्ये जातच नाही. सारांश, चौकट ट्रॅक्टर पाहून नव्हे, दारात असलेली अवजारे टेपने मोजून घ्यावी.

भाराचा हिशोबही असाच दुर्लक्षित राहतो. यू-चौकटीने अवजार साधारण 100 मिमी मागे सरकते आणि चौकटीचे स्वतःचे वजन वेगळे. या वर्गातील बऱ्याच ट्रॅक्टरची जाहीर उचलक्षमता 750 किलोच्या आसपास असते. हा आकडा पुष्कळदा लोअर लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो; टोकापासून 610 मिमी मागे मोजला तर तो कमी भरतो. 400 लिटरची टाकी असलेला ब्लोअर फवारा भरला की पाण्याचेच 400 किलो होतात आणि तेही टोकापासून बऱ्याच मागे. तेव्हा पुढे वजने लावणे भाग पडते. लिंक कपलरने अंतर तुलनेने थोडेच वाढते.

पीटीओचा, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला फिरवून देणारा, दांडा हा तिसरा मुद्दा. लहान ट्रॅक्टरवर तो बहुधा 6 खाचांचा, 1 3/8 इंची आणि मिनिटाला 540 फेऱ्यांचा असतो. क्विक हिचने अवजार मागे गेल्यावर एकमेकांत सरकणाऱ्या नळ्या किती शिल्लक राहतात ते लिफ्टच्या प्रत्येक स्थितीत पाहावे; एकतृतीयांशाहून कमी गुंतलेल्या नळ्या कामात निखळू शकतात. नेहमीच्या क्विक हिचने पीटीओ आपोआप जोडला जात नाही. त्यासाठी इंजिन बंद करून उतरावेच लागते. म्हणून रोटाव्हेटरच्या बाबतीत क्विक हिचने वाचणारा वेळ जाहिरातीत दिसतो त्याहून कमी असतो.

नागपूर जिल्ह्यात : काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर या संत्रापट्ट्यात 6 × 6 मीटरवरच्या बागांत फिरण्यासाठी लहान ट्रॅक्टर सोयीचा ठरतो. कपाशीच्या शेतात वखर-डवऱ्याची बरीचशी कामे आजही बैलजोडीवर होतात. बागेत मात्र आंतरमशागत, फवारणी आणि वाहतूक आलटून-पालटून येतात. संत्र्याची अन्न शोषणारी मुळे वरच्या थरात असल्याने रोटाव्हेटर उथळच चालवायचा असतो, म्हणजे अवजार जड लागत नाही. ते वारंवार बदलावे मात्र लागते. सकाळी ब्लोअर, दुपारी रोटाव्हेटर आणि तोडणीच्या दिवसांत कळमना बाजारासाठी ट्रॉली असा क्रम असला की जोडणी-सोडणीचा जाच खरा होतो. ट्रॉली हुकला लागते, तीनबिंदूला नाही. ती लावताना मागे उभी राहणारी यू-चौकट आड येते का, हे घेण्यापूर्वी प्रत्यक्ष लावून पाहावे. धुऱ्याशी वळताना वाढलेली लांबीही झाडाच्या फांद्यांत जाणवते.

अवजारे वेगवेगळ्या ठिकाणी बनलेली असतील आणि काही भाड्याने येत असतील, तर येथे लिंक कपलर अधिक निभावून नेतो, असे दिसते. एकाच कंपनीची तीन-चार अवजारे रोज बदलणाऱ्याला यू-चौकट परवडते. ज्याचा रोटाव्हेटर हंगामभर निघतच नाही, त्याला सरकती टोके असलेल्या लोअर लिंक पुरेशा आहेत. चौकटीपेक्षा त्या स्वस्तही पडतात.

देखभाल : काळ्या जमिनीचा चिखल खटक्याच्या स्प्रिंगमध्ये भरून वाळला की खटका पूर्ण बसत नाही, पण वरून तो बसल्यासारखा दिसतो. अवजार बोटभर उचलून दोन्ही खटके खाली वाकून पाहावेत, मगच रस्त्याला लागावे. चेक चेन (लोअर लिंक आडव्या हलू न देणाऱ्या साखळ्या) दोन्ही बाजूंनी सारख्या ताणलेल्या असाव्यात. जोडताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये. मदतीला आलेल्या माणसाने अवजाराच्या बाजूला थांबून खूण करावी. सोडलेले रोटाव्हेटर वा ब्लोअर सपाट जागी, स्टँडवर ठेवावे. ते कलले तर पुढच्या वेळी आकडे पिनांच्या रांगेत येत नाहीत.