लष्कराची अडचण वर्गात येते तेव्हा

१९६९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या अप्लाइड इलेक्ट्रॉनिक्स लॅबोरेटरीचा ताबा घेतला आणि तो नऊ दिवस सोडला नाही. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं आणि या प्रयोगशाळेत लष्करासाठी गुप्त संशोधन चालायचं. ते थांबवा, ही त्यांची मागणी होती. विद्यापीठाने गुप्त संशोधनातून अंग काढून घेतलं. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ही विद्यापीठाची संशोधन संस्थाही १९७० मध्ये वेगळी झाली.

राष्ट्रीय सुरक्षेसाठीच्या नवोन्मेष आणि उद्योजकता शिक्षणाला पाठबळ देण्याची तरतूद अमेरिकी संसदेने २०१७ साली केली. तिची गोष्ट सहसा स्टार्टअपपासून सांगितली जाते. मला ती या फारकतीपासून सुरू करावीशी वाटते, कारण तुटलेलं नातं चांगलं जुनं आणि घट्ट होतं. फ्रेडरिक टर्मन यांनी दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डची रेडिओ रिसर्च लॅबोरेटरी चालवली. शत्रूचं रडार आंधळं करायचं कसं, यावर तिथे आठशेहून जास्त माणसं काम करत होती. १९४६ मध्ये टर्मन अभियांत्रिकीचे अधिष्ठाता म्हणून स्टॅनफर्डला परतले आणि लष्करी पैशावर चालणारं संशोधन तिथे फोफावलं. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कंपन्या काढाव्यात, हाही त्यांचाच आग्रह. एचपी कंपनी काढणारे ह्यूलेट आणि पॅकार्ड हे त्यांचे विद्यार्थी. म्हणजे संरक्षण, वर्ग आणि उद्योजकता ही तिन्ही माणसं एकेकाळी एकाच ओसरीवर बसत होती.

मधली तीन-चार दशकं पटकन ओलांडू. अफगाणिस्तानात गुहा तपासताना सैनिक आत गळ फेकून सापळे चाचपत होते. त्या अनुभवातून २००२ मध्ये अमेरिकी लष्कराने सैनिकांना लागेल ती वस्तू झटपट पुरवणारी रॅपिड इक्विपिंग फोर्स उभारली. खरेदीच्या नेहमीच्या चाकोरीत वर्षं जातात, आघाडीवरच्या माणसाला मात्र वस्तू आत्ता हवी असते. या दलाचे पुढचे प्रमुख कर्नल पीट न्यूएल यांच्या काळात, २०१२ मध्ये, थ्री-डी प्रिंटर बसवलेल्या कंटेनरमधल्या कार्यशाळा थेट अफगाणिस्तानात पोहोचल्या. अडचण जिथे आहे तिथे जाऊन समजून घ्यायची, हा न्यूएल यांचा धडा.

दुसरा धडा स्टीव्ह ब्लँक यांचा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते हवाई दलात होते, नंतर सिलिकॉन व्हॅलीत त्यांनी कंपन्या उभारल्या. २०११ मध्ये स्टॅनफर्डला त्यांनी लीन लाँचपॅड हा वर्ग सुरू केला: कागदी बिझनेस प्लॅन बाजूला ठेवायचा आणि वर्गाबाहेर पडून गिऱ्हाइकांना भेटायचं. त्याच वर्षी नॅशनल सायन्स फाउंडेशन या विज्ञानाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने हा अभ्यासक्रम आय-कॉर्प्स या नावाने उचलला. शास्त्रज्ञांच्या पहिल्या तुकडीत २१ गट होते, प्रत्येक गटाला ५० हजार डॉलर आणि सुमारे शंभर मुलाखती घेण्याची अट. सरकारी पैसा यंत्रावर न जाता विचारण्याच्या पद्धतीवर गेला, हे मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचं वाटतं.

ब्लँक, न्यूएल आणि निवृत्त कर्नल जो फेल्टर यांनी हे दोन धडे एकत्र आणून २०१६ च्या वसंतात स्टॅनफर्डमध्ये हॅकिंग फॉर डिफेन्स हा वर्ग उघडला. आठ गट, दहा आठवडे. संरक्षण आणि गुप्तवार्ता संस्थांनी आपल्या खऱ्या अडचणी दिल्या, पण गोपनीय नसलेल्या. १९६९ ची जखम लक्षात घेता ही अट फार मोलाची होती.

त्यातल्या ॲक्वालिंक गटाला नौदलाकडून काम मिळालं ते पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांच्या, शरीराची नोंद ठेवणारं उपकरण करण्याचं. मुलं या सैनिकांशी बोलत गेली आणि वेगळंच उमगलं. पाण्याखाली आपण नेमके कुठे आहोत हे कळत नाही, ही त्या माणसांची खरी विवंचना होती. गटाने मूळ उपकरण सोडलं आणि स्थान कळवणाऱ्या तरंगत्या बोयाकडे मोर्चा वळवला. मागणाऱ्यालाच आपली अडचण नीट मांडता आलेली नसते, हे विशीतल्या मुलांनी दाखवून दिलं. त्याच तुकडीतून कॅपेला स्पेस ही रडार उपग्रहांची कंपनी पुढे आली. तिचा पहिला उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये सुटला.

सरकारी बाजूने एमडी५ नावाचा कार्यक्रम २०१६ मध्येच सुरू झाला होता. २०१९ मध्ये त्याचं नाव नॅशनल सिक्युरिटी इनोव्हेशन नेटवर्क झालं. हा वर्ग इतर विद्यापीठांत नेण्यामागे त्याचं बळ होतं. या दोन वर्षांच्या मध्ये कायदा आला. आय-कॉर्प्सचे जुने पाठीराखे, इलिनॉयचे खासदार डॅन लिपिन्स्की यांनी त्यासाठी जोर लावला आणि २०१८ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यात सुरुवातीला म्हटलेली शिक्षणाची तरतूद बसली. १२ डिसेंबर २०१७ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

भारतात एप्रिल २०१८ मध्ये आयडेक्स ही संरक्षण क्षेत्रातल्या नवोन्मेषाला पैसा देणारी सरकारी योजना सुरू झाली. सैन्यदलं आव्हानं जाहीर करतात, निवडलेल्या स्टार्टअपला दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, नंतर आलेल्या तिच्या विस्तारांत त्याहून अधिक. योजना चांगलीच आहे. तिचा भर मात्र कंपनीवर आहे, वर्गावर नाही. पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, पाषाणला एआरडीई ही शस्त्रास्त्र संशोधन संस्था, गिरिनगरला डीआयएटी हे संरक्षण तंत्रज्ञान शिकवणारं विद्यापीठ आणि शिवाजीनगरला १८५४ पासूनचं, आता विद्यापीठ झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय. एखाद्या मेजरने आपली अडचण घेऊन तिसऱ्या वर्षाच्या वर्गात यायचं ठरवलं, तर रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा आहे.